साहेबांना बोलू द्या

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझा फोन जास्त वाजतो. फौजेत माणूस निवृत्त होतो तो महिन्याच्या अखेरच्या दिवशी. एक-दोन दिवसांत तो बडनेऱ्याला नाही तर अकोल्याला गाडीतून उतरतो आणि तोवर गावातल्या पोरांनी मिरवणूक ठरवून टाकलेली असते. पलीकडून आवाज येतो, "काका, बॅनर छापून रायलो. मजकूर पाह्यता का एकखेप?" मी पाहतो. मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकी सेंटरचा. सुभेदार होऊन घरी आलो. अमरावतीत राहतो आणि दर्यापूर, अंजनगाव, चांदूरबाजारपासून तिकडं मूर्तिजापूर, आकोटपर्यंत कुणी बोलावलं तर असल्या कार्यक्रमांना जातो. कधी सूत्रसंचालन करतो, कधी नुसताच पहिल्या रांगेत बसतो.

जवानाची मिरवणूक आता गावाला पाठ झाली आहे. वेशीपासून घरापर्यंत सडा, उघडी जीप, डीजे, मारुतीच्या पारावर नारळ, आईनं ओवाळणं, आणि शाळेतली पोरं दोन्ही बाजूंनी झेंडे घेऊन. मोठा अधिकारी निवृत्त होऊन येतो तेव्हा मात्र गाव गडबडतं. कर्नल मोठा की ब्रिगेडियर, यावरच पानठेल्यावर वाद होतो. साहेब पस्तीस-चाळीस वर्षं बाहेर राहिलेले, गावातल्या अर्ध्या लोकांनी त्यांना पाहिलेलंच नाही. मग जे सुचेल ते छापलं जातं.

मागं असाच एक बॅनर आला. त्यावर एका मेजर जनरलांच्या फोटोखाली 'परमवीर' असं लिहिलेलं. मी विचारलं, "हे कुठून आणलं?" पोरगा म्हणाला, "त्याहिच्या पत्रात परम असं लिवलं होतं नं." पत्रात होतं परम विशिष्ट सेवा पदक. 'परम' दोन्हीकडं आहे, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. परमवीर चक्र शत्रूच्या समोर केलेल्या अत्युच्च शौर्यासाठी दिलं जातं. आजवर ते फक्त २१ जणांना मिळालं आहे आणि त्यातले १४ जण ते घ्यायला हयात नव्हते. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदकं १९६० साली सुरू झाली. ती विशेष उल्लेखनीय सेवेसाठी असतात, आणि परम विशिष्ट बहुधा लेफ्टनंट जनरलच्या पायरीवर पोचलेल्यांच्या छातीवर दिसतं. ते मिळवणंही सोपं नाही. पण ज्याला परमवीर मिळालेलं नाही त्याच्या फोटोखाली ते छापलं की सगळ्यात जास्त ओशाळतो तो स्वतः अधिकारी. स्टेजवर बसून त्याला वर बघवत नाही.

परमवीरांची गोष्ट निघाली की मला आमच्या सॅपर्समधले रामा राघोबा राणे आठवतात. कारवारजवळच्या चेंडिया गावचे. १९४० मध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले आणि वर चढत १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडं रणगाडे न्यायचे होते. वाटेत सुरुंग पेरलेले आणि झाडं कापून आडवी टाकलेली. राणे यांनी जखमी अवस्थेत, गोळीबाराखाली, दिवसरात्र तो रस्ता मोकळा केला. एका ठिकाणी तर ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत गेले आणि दोरीनं चालकाला खुणा देत सुरुंगांमधून रणगाडा पुढं नेला. हयात असताना परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. आणि ते निवृत्त कोणत्या हुद्द्यावर झाले? मेजर. साल १९६८. म्हणून कुणी मला विचारलं की 'साहेब किती मोठे होते', तर मी हुद्दा सांगतो, पण त्यानं मोठेपण मोजत नाही.

तरी हुद्द्यांचं गणित लोकांना कळलं पाहिजे, नाहीतर सत्कार कशाचा करतोय हेच कळत नाही. फौजेत निवृत्तीचं वय हुद्द्याप्रमाणं ठरतं. कर्नल ५४ व्या वर्षी घरी जातो, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८ आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी. वरच्या पायऱ्या इतक्या अरुंद की बहुतेक अधिकारी कर्नलच्या आसपास थांबतात. त्यात त्यांची चूक नसते, जागाच नसतात. ब्रिगेडियरच्या गाडीवर एक तारा, मेजर जनरलच्या दोन, लेफ्टनंट जनरलच्या तीन. चार तारे फक्त जनरलच्या. साहेब गाडीत नसले तर ताऱ्यांची पाटी झाकून ठेवतात. जवानाचं गणित याहून वेगळं. त्याला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते आणि शिपाई म्हणून गेलेला पोरगा ऐन चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. लेकरं शाळेत, घर अर्धं बांधलेलं. त्याला दुसरी नोकरी शोधावीच लागते. २०२२ पासून अग्निवीर आले. त्यांची सेवा चार वर्षांची, चारातला एक जण पुढं कायम होणार, बाकीच्यांना पेन्शन नाही. त्यांच्या मिरवणुका कशा निघतील, की निघणारच नाहीत, हे आपल्या गावांनी आत्ताच ठरवून ठेवावं असं मला वाटतं.

बॅनरबद्दल एवढं सांगून पुढं जातो. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून 'निवृत्त ब्रिगेडियर अमुक' असं लिहायचं नाही. आधी हुद्दा, मग नाव आणि त्यानंतर कंसात 'निवृत्त'. आणि सूत्रसंचालकांनो, "आता साहेब आपल्याला कडक सॅल्यूट देतील" असं माइकवरून जाहीर करू नका. आपल्या फौजेत उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नाहीत, टोपी नसेल तर सावधान उभं राहतात. पुष्कळ ठिकाणी साहेब बिचारे लोकांसाठी हात वर करतात आणि मागं बसलेले आम्ही जुने फौजी खाली मान घालतो. आता तुम्ही फेटा बांधला तर काय, असं मला एकानं विचारलं होतं. याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे ते मला माहीत नाही.

विदर्भातल्या माणसाची सगळ्यात मोठी निवृत्ती २०२४ मध्ये झाली. जनरल मनोज पांडे नागपूरचे. डिसेंबर १९८२ मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. इंजिनीअर्सपैकी लष्करप्रमुख होणारे ते पहिलेच. त्याआधीचे प्रमुख पायदळ, रणगाडे किंवा तोफखान्यातले. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये फौज सीमेवर गेली तेव्हा त्यांच्याकडं पल्लनवाला भागात ११७ इंजिनीअर रेजिमेंटची कमान होती. सुरुंग पेरायचे आणि पुन्हा एकेक करून काढायचे, हे आमचं काम. काढणं पेरण्यापेक्षा कितीतरी अवघड. ३० एप्रिल २०२२ ला जनरल मनोज नरवणे यांच्याकडून त्यांनी सूत्रं घेतली. एका मराठी मनोजनं दुसऱ्या मराठी मनोजच्या हाती फौज दिली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्याच काळात नौदलप्रमुख हरी कुमार आणि हवाई दलप्रमुख विवेक राम चौधरी होते, आणि हे चौधरी साहेब नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्याचे. तिघेही एनडीएच्या एकाच ६१ व्या तुकडीतले. अशी तीन वर्गमित्रांची जोडणी सहसा जमत नाही.

प्रमुखाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी होईल ते. पांडे साहेबांना ६ मे २०२४ ला बासष्ट पूर्ण झाली, म्हणजे ३१ मेला त्यांनी जायचं. सरकारनं एक महिना वाढवून दिला. अशी मुदतवाढ फौजेत फार क्वचित मिळते. ३० जूनला, रविवारच्या दिवशी, त्यांनी राष्ट्रीय युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहिलं, साउथ ब्लॉकच्या हिरवळीवर गार्ड ऑफ ऑनर घेतला आणि जनरल उपेंद्र द्विवेदी यांच्याकडं कारभार सोपवला. एकेचाळीस वर्षांची नोकरी अशी एका सकाळीत संपते. त्यांच्या पत्नी अर्चना पांडेही नागपूरच्या, दंतवैद्य. लष्करप्रमुखाच्या पत्नीकडं फौजी कुटुंबांच्या कल्याण संघटनेची जबाबदारी असते. त्या कामाला पगार नसतो आणि त्याची बातमीही होत नाही.

टीव्हीवर दिसतो तो समारंभ वेगळा. युनिटमध्ये अधिकाऱ्याला निरोप देतात तो वेगळा, आणि तो मला जास्त भावतो. आधी सैनिक संमेलन होतं. साहेब सगळ्या जवानांपुढं उभे राहून शेवटचं बोलतात. मग मंदिर परेड. रात्री जवानांचा बडाखाना, त्यात साहेब लंगरच्या रांगेतून फिरत प्रत्येकाच्या ताटापाशी थांबतात. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये 'डायनिंग आऊट' होतं, तिथं आम्हाला प्रवेश नसायचा, पण बाहेर बँड ऐकू यायचा. आणि शेवटच्या सकाळी जीप.

आमच्याकडचे एक कर्नल चौपन्नाव्या वर्षी निघाले तेव्हाचं सांगतो. जीपला झेंडूच्या माळा, इंजिन बंद, पुढं दोन दोर बांधलेले. हे दोर पूल बांधायच्या सामानातले होते, कारण त्यापेक्षा चांगला दोर आमच्याकडं नव्हताच. बेली पुलाचं एक पॅनेल २५८ किलोचं, ते सहा जण मिळून उचलतात. त्या दिवशी दोराला तेच सहाचे गट लावले होते, एकीकडं अधिकारी आणि एकीकडं जेसीओ-जवान. साहेब आणि मेमसाहेब जीपमध्ये उभे. ऑफिसपासून गेटपर्यंत जीप ओढत न्यायची. मधे चढ होता, तिथं आमचा दम निघाला, साहेब वरून म्हणाले, "अरे, सॅपर हो ना?" सगळे हसले आणि जीप चढली. गेटवर संतरीनं नेहमीप्रमाणं रजिस्टर पुढं केलं. तिथं नाव, हुद्दा, बाहेर जायची वेळ लिहायची असते. साहेबांनी खाली उतरून ते स्वतःच्या हातानं भरलं. परत येण्याच्या वेळेचा रकाना तेवढा मोकळा राहिला. त्यावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून मदतनीस नाही, सरकारी गाडी नाही, घर ठरल्या मुदतीत रिकामं करायचं. पन्नाशी उलटल्यावर ते पहिल्यांदाच गॅस कनेक्शनसाठी रांगेत उभे राहिले, असं त्यांनीच नंतर हसत सांगितलं.

आपल्या वऱ्हाडाचं आणि फौजेचं नातं मात्र मिरवणुकीपेक्षा फार जुनं आहे. ते कुणी स्टेजवर सांगत नाही याची मला चुटपुट लागते. कुमाऊँ रेजिमेंटचं नाव घेतलं की लोकांना हिमालय आठवतो, रानीखेत आठवतं. पण या रेजिमेंटच्या जुन्या पलटणी निजामाच्या फौजेतून आलेल्या. त्यातली चौथी कुमाऊँ आपला जन्म १७८८ चा मानते आणि ती उभी केली एलिचपूरच्या नवाब सलाबतखानांनी. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर. या फौजेचं पुढं हैदराबाद कंटिंजंट झालं. तिची एक छावणी अचलपूरला होती, परतवाडा म्हणतो तो तिचाच भाग. तिच्या खर्चापायी १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं लावून दिलं. म्हणजे पन्नासेक वर्षं आपल्या काळ्या मातीचा शेतसारा त्या पलटणींच्या पगारात गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि पुढल्या वर्षी कंटिंजंट भारतीय फौजेत मिसळलं. एका पलटणीचं नाव तर ९६ वी बेरार इन्फंट्री असं होतं. पुढं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नाव कुमाऊँ पडलं.

आता या वंशावळीत कोण कोण बसतं ते पाहा. देशाचं पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा चौथ्या कुमाऊँचे, ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगाममध्ये ते पडले. श्रीनागेश, थिमय्या आणि रैना हे तीन लष्करप्रमुख याच रेजिमेंटनं दिले. श्रीनागेशांचा जन्म तर कोल्हापूरचा. कंटिंजंटच्या घोडदळातून आली डेक्कन हॉर्स. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत तिची कमान होती अलिबागच्या अरुण वैद्यांकडं. दोनदा महावीर चक्र मिळालेले हे वैद्य पुढं लष्करप्रमुख झाले आणि ३१ जानेवारी १९८६ ला निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले. त्याच वर्षी १० ऑगस्टला, प्रमुख असतानाच्या कामाचा सूड म्हणून, भर रस्त्यात त्यांची हत्या झाली. निवृत्तीनंतरही फौजी माणसाला नोकरीची किंमत मोजावी लागते, याचं याहून कठोर उदाहरण महाराष्ट्रात नाही. अचलपूरच्या शाळेतल्या पोराला यातलं किती सांगितलं जातं? मी दोन-चार ठिकाणी विचारलं. गुरुजींनाही नवल वाटलं.

थिमय्यांवरून आणखी एक निरोप आठवतो. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत थिमय्यांच्या हैदराबाद रेजिमेंटच्या शेजारी लढत होते कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग थोरात. कोरियात १९५३-५४ मध्ये दोघं पुन्हा एकत्र होते. थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि जाताना त्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले आणि थोरातही लेफ्टनंट जनरल म्हणूनच गेले. याच थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन चीन ईशान्येकडं कसा चाल करून येईल ते मांडलं होतं. दोन वर्षांनी जवळपास तसंच घडलं. पायरी चुकली म्हणून थोरातांचं मोठेपण कमी झालं, असं कुणी म्हणत नाही. आपल्या गावात मात्र मी ऐकलं आहे, "साहेब कर्नलवरच थांबले म्हंते, काई लफडं झालं असंल." लफडं नसतं हो. जागा नसते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडचा सत्कार साधारण असा चालतो. दहाची वेळ, सुरुवात साडेअकराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचं स्वागत, मग पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. आमदारसाहेब बारा वाजता येतात, ते बोलतात. जिल्हा परिषदेचे बोलतात, बँकेचे बोलतात. शाल, श्रीफळ, तलवारीचं स्मृतिचिन्ह. एका साहेबांनी मला सांगितलं की त्यांच्याकडं अशा तलवारी इतक्या झाल्या की मोलकरीण पुसायला नाही म्हणते. मेमसाहेबांना साडी-चोळी देऊन खाली बसवतात. आणि दीड वाजता, पोरं भुकेनं चुळबुळ करत असताना, सूत्रसंचालक म्हणतो, "वेळेअभावी सत्कारमूर्तींनी दोन शब्दांत मनोगत व्यक्त करावं." चाळीस वर्षांची नोकरी, आणि दोन शब्द.

यात किती गमावतो ते एका उदाहरणावरून सांगतो. लेफ्टनंट जनरल राजेंद्र निंभोरकर हे आपल्या शेजारचेच, वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या आर्वी तालुक्यातले. सातारच्या सैनिकी शाळेत शिकले. ही १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिकी शाळा. २९ सप्टेंबर २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकच्या वेळी ते नगरोट्याच्या सोळाव्या कोअरचे प्रमुख होते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात थोरले बाजीराव पेशवे प्रतिष्ठाननं त्यांचा सत्कार केला, आणि त्यांना बोलू दिलं. तिथं त्यांनी सांगितलं की सीमेपलीकडच्या गावांजवळून जाताना कुत्री भुंकण्याचा धोका होता. पूर्वी नौशेरा भागात ब्रिगेडची कमान करताना त्यांनी पाहिलं होतं की तिथली कुत्री बिबट्याच्या भीतीनं रात्री वस्तीला धरून राहतात. म्हणून तुकड्यांनी सोबत बिबट्याची विष्ठा आणि मूत्र नेलं आणि गावांच्या बाहेर टाकलं. कुत्री पुढं आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट देशभरच्या वर्तमानपत्रांत होती.

विचार करा, त्या दिवशी पुण्यात कुणी 'वेळेअभावी' म्हटलं असतं तर? मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या पोरांना बिबट्या आणि कुत्र्याचं हे नातं घरचंच आहे. आपला गुराखी जे जाणतो तेच एका जनरलनं युद्धात वापरलं, हे ऐकून एखादा पोरगा फौजेचा फॉर्म भरेल की नाही? तलवारीचं स्मृतिचिन्ह पाहून भरेल असं मला वाटत नाही.

आणि फॉर्म भरायलाच हवेत, तेही अधिकारी होण्याचे. वऱ्हाडातून जवान भरपूर जातात. भरतीच्या मेळाव्याला बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावतीची पोरं पहाटे तीनपासून रांगेत असतात. पण बारावीला असताना एनडीएची परीक्षा असते, ती यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, आणि २०२२ पासून मुलींनाही तिथं प्रवेश आहे, हे आपल्या कितीतरी घरांत माहीत नसतं. ३० मे २०२५ ला एनडीएतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. विदर्भाला चंद्रपूरची सैनिकी शाळा मिळाली ती २०१९ मध्ये, सातारनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. तोवर आपल्याकडची हुशार लेकरं इंजिनीअरिंगला गेली. माझा धाकटाही गेला, त्याबद्दल तक्रार नाही.

तर ज्यांच्या गावात, कॉलनीत, कॉलेजात एखादे साहेब येत्या महिन्याअखेर निवृत्त होऊन येणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. कार्यक्रम शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या अंगणात घ्या. गावातल्या शहिदाची आई किंवा पत्नी असेल तर पहिला मान तिचा. तिच्या साडीवर उजव्या बाजूला पदक दिसलं तर समजा की ते तिच्या माणसाचं आहे, कारण स्वतःचं पदक डावीकडं लावतात. गावातल्या निवृत्त जवानांना साहेबांच्या शेजारी खुर्ची द्या. त्यांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते, ते अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. मेमसाहेबांच्या हातात माइक द्या. बदल्यांच्या नोकरीत लेकरांची शाळा किती वेळा बदलली, ते त्या साहेबांपेक्षा चांगलं सांगतील. पोरांना आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहायला लावा आणि त्यातला एकही गाळू नका. 'तुम्हाला भीती वाटली का' हा प्रश्न दर वेळी येतो, आणि उत्तर द्यायला साहेबांना तोच सगळ्यात जास्त आवडतो. शाल-श्रीफळाला पाच मिनिटं पुरतात. कार्यक्रमपत्रिकेत साहेबांच्या नावासमोर चाळीस मिनिटं लिहा, आणि मंत्री उशिरा आले तरी त्यातलं एक मिनिटही कापू नका.